काकू थांबवतील तिथं

अनसूयाकाकूंच्या घरातला व्हीसीआर मी उचलून बसस्टँडवर नेला. आयुष्यात चुका बऱ्याच केल्या, पण इतकं डोकं लावून केलेली ही एकच.

तेव्हा कुंभार पिंपळगावात आमची केबल कंपनी म्हणजे एक मशीन, जालन्याहून एसटीनं येणारी कॅसेट आणि घराघरांवरून गेलेली वायर. मशीन शेजारच्या काकूंकडे, कारण त्यांचं माळवदाचं घर गावाच्या मधोमध. कॅसेट लावायचं काम काकूंचं. मी डायरेक्टर. हे पद मला मीच दिलं होतं. मशीन मात्र वडिलांनी दुभती म्हैस विकून घेतलेलं. ते रोज जेवताना विचारायचे, "म्हैस शेण तरी देत व्हती. हे काय देतं?"

मशीन एकच, त्यामुळे काकू बघतील तेच गाव बघणार. आणि काकूंना पिक्चरमधलं काही चुकवायचं नसे. भाकरी टाकायची वेळ झाली की पॉजचं बटण दाबून त्या उठायच्या. गावभर हिरो तोंड उघडं टाकून थरथरत उभा!

"काकू, लोकं वाट बघून राह्यलेत."

"बघू दे. जल्दी कशाची? हिरो काय पळून चालला? म्याच न्हाई बघितलं, तर मंग गावानं कसं बघावं?"

रडण्याचा प्रसंग आवडला की मागं नेऊन पुन्हा. "मघाशी बराबर रडू आलं न्हाई." मारामारी बिलकुल चालत नसे. बटण दाबून पळवायच्या, व्हिलन चुटकीसरशी आडवा. "मरणारच हाय त्यो, मंग लाइटीचा खर्चा कशाला?"

अशात परतूरचा एक केबलवाला गावात उतरला. 'नॉनस्टॉप पिक्चर' असं भिंतीवर रंगवून त्यानं वायर ओढायला सुरुवात केली. माझी झोप उडाली. आपणही नॉनस्टॉप व्हायचं, असं ठरवून मी बसस्टँडवर गाळा घेतला, तिथवर वायर ओढली, पाटी रंगवली आणि मशीन न्यायला गेलो. काकू एवढंच म्हणाल्या, "ने."

पहिला पिक्चर मी एका दमात सोडला. सकाळी गाळ्याच्या दारात सोपानराव. आमचं पहिलं गिऱ्हाईक.

"डायरेक्टर, भात करपला, दूध उतू गेलं, अन म्हातारं दम धरधरून बेजार झालं. माणसानं उठावं तरी कधी?"

म्हटलं, एवढंच ना? त्या संध्याकाळी मी घड्याळ बघून पॉज देऊ लागलो. नेमका खुनी पडद्याआडून हात बाहेर काढतो, तेव्हा पॉज. भात शिजायला येतो, तेव्हा चालू. काकूंची चूल आणि गावाची चूल एकाच वेळी पेटायची. माझी कुठं पेटत होती? मी आईच्या हातचं आयतं खात होतो.

बाजाराच्या दिवशी सोपानराव स्वतः शिडी लावून आमची वायर सोडवायला चढले. मी खालून हातापाया पडलो. म्हटलं, "अहो, परतूरवाला पण थांबत न्हाई!"

वरून ते म्हणाले, "ठाव हाय. भात करपायचाच हाय, तर साफ दिसणाऱ्या पिक्चरवर करपू दे की!"

संध्याकाळपर्यंत एक अख्खी गल्ली गेली. वडील म्हशीच्या रिकाम्या दाव्याकडे बघत बसले.

पुढे गावात डिश आली, शंभर चॅनलं आली, जिल्ह्यातल्या एका मोठ्या कंपनीनं आमच्या वायरी विकत घेतल्या. काकू लेकाकडे जालन्याला गेल्या आणि तिथंच वारल्या. पण तोवर आमची कंपनी बुडाली नाही, त्याचं कारण तो बाजाराचा दिवस. त्या दिवशी मी मशीन डोक्यावर घेऊन भर बाजारातून काकूंच्या दारात गेलो होतो.

काकू ज्वारी पाखडत होत्या. मान वर केली नाही.

"काकू, चुकलं माझं. गाव सोडून चाललंय. मशीन घ्या, पाहिजे तिथं थांबवा, पाहिजे तितकं रडा, पण कंपनी वाचवा."

काकूंनी सूप खाली ठेवलं, पदरानं स्टूल पुसलं आणि मशीन माझ्या डोक्यावरून उतरवून त्यावर ठेवलं. वायर जोडायला मी वाकलो, तर हातावर चापटी बसली. वायर त्यांनीच जोडली.

"कंपनी कंपनी करतो, पर कंपनी म्हंजी कोण रे?"

मी छाती काढून म्हणालो, "मीच की, काकू."

"मंग वाचवून काय करू तिला?"