शंभूराजचं एस्केप

बंगळूरच्या चामराजपेटचा शंभूराज जन्मात कधी स्वस्थ बसला नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये जागा असली तरी हा दारापाशी उभा. लग्नात सप्तपदी त्याने अशी झपाझप उरकली, की भव्याच्या शेल्याची गाठ सुटली.

जीव रमायचा तो फक्त व्हीआयमध्ये. काळ्या पडद्यावर प्रोग्राम लिहायचा तो साधा एडिटर. त्यात लिहिणं थांबवायला एस्केपचं बटण दाबायचं. आधीच थांबलेलं असताना दाबलं, तर मशीन ‘टूं’ करतं. शंभूराज विचारात पडला की दाबतच राहायचा. टूं, टूं, टूं.

शेजारच्या टर्मिनलवर निपाणीची कावेरी बसायची. ती पक्की इमॅक्सवाली; इमॅक्स म्हणजे दुसरा, मोठ्या पसाऱ्याचा एडिटर. “अण्णा, स्वल्प थांबा की! डोस्कं उठलं माझं.”

“अक्का, तुमचं इमॅक्स म्हणजे चार ओळी लिहायला अख्खा संसार मांडायचा!”

सत्त्याण्णव साली मॅनेजर रोशनने फर्मान काढलं. ग्राहकाला सगळा प्रोग्राम एकाच मांडणीत हवा होता आणि इमॅक्स ती मांडणी आपोआप करायचं. तेव्हा सोमवारपासून सगळ्यांनी इमॅक्स. ज्याला जमणार नाही त्याने दुसरी टीम बघावी. ही टीम शंभूराजने पहिल्या दिवसापासून उभी केली होती.

टूं बंद झालं. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणून मंडळी हसली. पण जित्याची खोड! बोट एस्केपवर जायचंच. इमॅक्समध्ये एस्केपनंतरचं अक्षर हुकूम ठरतं: कुठे शब्द पुसला जातो, कुठे दोन शब्दांची अदलाबदल होते, आणि तीही गुपचूप. प्रोग्राम बिघडायचा, हा चुका शोधत बसायचा. घरी जेवतानासुद्धा करंगळी ताटाच्या काठावर टकटकायची. भव्याने एकदा त्या बोटावर हात ठेवला. “अहो, इथं काय पुसताय?” तो हसला नाही.

गुरुवारी रोशनसमोर त्याचा प्रोग्राम चाललाच नाही. शंभूराज उठून उभा राहिला. “मला नाही जमत. काढा मला टीममधून.” आवाज फाटला होता. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

कावेरीने खुर्ची वळवली. “सर, अण्णांना त्यांच्या व्हीआयमध्येच लिहू दे. मांडणी मी माझ्या इमॅक्समधून करून देते.”

“रोज?”

“रोज. त्यात काय?”

रोशनने खांदे उडवले. सरी, बरं तर, म्हणाला.

शंभूराजने व्हीआय उघडलं. चार ओळी झाल्या, पाचवीला अडला, आणि बोट गेलंच.

टूं.

त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

कावेरीने पडद्यावरची नजर काढली नाही. म्हणाली, “आलासा व्हय, अण्णा?”