बाईसाठी केलेली खुर्ची

माझ्या दुकानाचं शटर, माझ्या घराचा लोखंडी जिना, बाईच्या खिडकीची जाळी, बाईची खुर्ची आणि बाईची तिरडी.

हे सगळं मी माझ्या हातानं केलं. कोणी शिकवलं नाही.

यातली वेळेवर कामी आली ती फक्त तिरडी.

बाईला जाऊन आज वर्ष झालं. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमची घरं एकाच गल्लीत. पडली, मणका गेला, त्यासोबत दोन्ही पाय गेले. जीभ मात्र शाबूत होती.

तिला एकच जागा पाहायची होती. हट्ट्याची बावली.

लोक लांबून गाड्या करून ती जुनी पायऱ्यांची विहीर पाहायला येतात. आमच्याकडून बसनं तासाभरात माणूस पोचतो. बाई लग्न झाल्यापासून इथं राहिली आणि गेली नाही.

म्हणजे दारापर्यंत गेली होती. लग्न होऊन सासरी येताना वरात हट्ट्याला थांबली. सगळे वऱ्हाडी खाली उतरले, दगडी खांब पाहून, पाण्यात हात बुडवून आले.

"अन् मी नवरी," बाई सांगायची. "मी वर बैलगाडीत पेटी राखत बसली."

ती हे हसत सांगायची. मला कधी हसू आलं नाही.

मी म्हटलं, चल, नेतो.

"कशी नेतं? पोत्यात टाकून?"

"खुर्ची करतो."

आधी एकटा जाऊन पायऱ्यांची मापं घेतली. कुठं अरुंद, कुठं झिजलेल्या, कुठं वरचा दगड डोक्याला लागतो. मग हलका चौकोनी पाइप आणला. दोन लांब दांडे, चौघांनी हातात धरायचे. सीट मधोमध टांगलेली, म्हणजे उतारावर दांडे तिरपे झाले तरी बसलेलं माणूस सरळ राहील. वेल्डिंगचा एकेक जोड घासून गुळगुळीत केला. बाईच्या पायाला खरचटलं असतं तर तिला कळलंही नसतं.

अंगणात बसवून पाहिली.

"लहानपणी म्या तुले पाळण्यात टाकलं, आता तू मले टाकून राह्यला," ती म्हणाली. "अन् रंग काहून असा? जंग लागल्यासारखा."

"जंग लागू नये म्हणूनच आहे तो. वर निळा येईल."

निळा दिला.

तेवढ्यात माझ्या भाच्याचा, नितीनचा, नागपूरहून फोन. बाईचा एकुलता एक.

"मामाजी, मी आल्याशिवाय आईले नेऊ नका. प्रॉपर प्लॅन करू. सारेच जाऊ."

ग्रुप बनला. मिशन हट्टा.

दिवाळीत सुट्टी नव्हती. संक्रांतीला त्याच्या सासरी कार्यक्रम. उन्हाळ्यात ऊन. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या. मधल्या काळात ग्रुपवर चिकन की पनीर, ट्रॅव्हलर की दोन कार. कोणीतरी टी-शर्टचं डिझाइनही टाकलं. एक म्हणाला, घाई काहून करता, हट्टा काय पळून चाललं?

हट्टा पळालं नाही.

मी बाईला म्हटलं, "माझ्या दुकानातली चार माणसं आहेत. उद्या सकाळी चल."

"नाही भाऊ. पोरगा म्हणते ना, थांब. फोटोत पोरगा पाहिजे मले."

चूक तिचीच. पेटी राखायची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं म्हणतात. ते बाकीचे बोलतीलच.

ती गेली. नितीनला त्याच दुपारी सुट्टी मिळाली. सगळ्यांनाच मिळाली.

तेरवी झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "आता सारे आलोच आहोत, तर हट्टा करूनच टाकू. आईची इच्छा होती."

ट्रॅव्हलर आली. तेरवीची बुंदी उरली होती, ती डब्यात भरली.

मग माझ्याकडे आला. "मामाजी, ते खुर्ची देता का? आमच्या सासूबाईचे गुडघे चालत नाहीत."

दिली. सोबत गेलो. एक दांडा मीच धरला. खुर्ची चालते की नाही, मला पाहायचं होतं.

चालली. दांडे तिरपे झाले, सीट सरळ राहिली. कुठं घासली नाही, करकरली नाही. सासूबाई पाण्याजवळच्या पायरीपर्यंत गेल्या, वाकल्या, हात बुडवला.

"किती थंडगार आहे हो," म्हणाल्या. स्वभावानं चांगल्या आहेत. त्यांचा काही दोष नाही.

बाईचा हार घातलेला फोटो आणला होता. काच फुटेल म्हणून वर गाडीतच ठेवला. डब्यांजवळ, सामानावर.

संध्याकाळी ग्रुपवर सासूबाईंचा पाण्यात हात बुडवलेला फोटो. खाली नितीननं लिहिलं, आईची शेवटची इच्छा पूर्ण केली. त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात.

मी ग्रुप सोडला.

काल त्याचा फोन आला होता. "मामाजी, सासूबाईले आता सांचीचा स्तूप पाहायचा आहे. खुर्ची देऊन टाका ना. तशीही तुमच्याकडे पडूनच आहे. फुकट नाही मागून राह्यलो."

बाई, जिथं असशील तिथं आता कोणासाठी थांबू नको.

खुर्ची तुझीच आहे. निळा रंग अजून तसाच आहे.

नितीन पंचवीस हजार देत होता. मी नाही म्हटलं.