धुऱ्यावर घातलेला बॉल

धामणगाव बढ्याला आमचं फुटबॉलचं मैदान म्हणजे कापूस वेचून रिकामं झालेलं वावर. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून नेल्या तरी मोडलेली खुंटं जमिनीत राहायचीच. अनवाणी पाय त्यांच्यावर पडला की माणूस किंचाळून खाली बसायचा. रेफरी वगैरे चोचले आमच्याकडे नव्हते, म्हणून एक रीत पडली होती. कुणाला लागलं की कुणीतरी ओरडायचं, "धुरा!" धुरा म्हणजे वावराचा बांध. बॉल ज्याच्या पायात असेल त्याने तो मुकाट्याने बांधापलीकडे मारायचा, आणि पडलेला उठला की ज्याने बॉल बाहेर मारला त्याच्याच बाजूला समोरच्यांनी तो परत द्यायचा. गोल तोंडाशी आलेला असला तरी हेच. एरवी आम्ही फाऊलवरून एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचो, पण धुऱ्याच्या बाबतीत लबाडी कुणी केली नव्हती.

माझा एक दोस्त होता. होता असंच म्हणतो मी. बीटी कपाशीवर बोंडअळी येणारच नाही, असं बियाण्याच्या दुकानात छातीठोकपणे सांगितलेलं, आणि त्या वर्षी बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी वळवळत होती. टपरीवर चहा कमी आणि बियाण्याला शिव्या जास्त, असे ते दिवस. शेतीत राम नाही म्हणत घरोघरच्या पोरांनी पोलीस भरतीचा ध्यास घेतला. आम्ही दोघंही पहाटे डांबरी रस्त्यावर धावायला जायचो. मी त्याच्यापेक्षा जोरात पळायचो आणि हे तोच गावभर सांगत फिरायचा. त्याचं मला फार अप्रूप वाटायचं.

त्याच उन्हाळ्यात बुलढाण्याच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो. समोर देऊळगाव राजाची टीम. त्यांचा कॅप्टन तिथल्या एका चपलांच्या दुकानवाल्या चाचांचा मुलगा, उंच आणि कमी बोलणारा. खेळ संपत आला तरी गोल नव्हता. त्यांच्या एका गड्याची आणि माझी धडक झाली, डाव्या गुडघ्यात कटकन आवाज झाला आणि मी आडवा झालो. बॉल त्या कॅप्टनकडे गेला. पुढे आमचा गोलकीपर एकटाच. आमच्यातलं कुणीतरी ओरडलं, "धुरा!"

तिथे कसला आलाय धुरा, चुन्याची फक्की मारलेली रेघ होती. पण जिल्ह्यातली पोरं सगळी वावरातच शिकलेली. कॅप्टनने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हातातोंडाशी आलेला गोल सोडून बॉल रेघेबाहेर मारला.

मला उचलून कडेला ठेवलं. थ्रो आमचा होता. तो घ्यायचा आणि बॉल त्यांना देऊन टाकायचा, एवढंच काम. आमच्या पोराने थ्रो दोस्ताच्या पायात टाकला. देऊळगावची पोरं कमरेवर हात ठेवून, बॉल परत येईल म्हणून उभी होती. दोस्त त्यांच्यामधून सरळ पळत गेला आणि त्याने गोल मारला. रेफरीने गोलची शिट्टी वाजवली, आणि पाठोपाठ खेळ संपल्याचीही. त्याच्या नियमात धुरा नव्हताच.

मला वाटलं, आमचेच लोक त्याला झापतील. कुठलं काय! माणसं नाचत माझ्याकडे आली आणि माझी पाठ थोपटायला लागली.

"काय पडला बे तू! झाडीपट्टीच्या नाटकात पाह्यजे तू!"

"मले खरंच लागलं हाय," मी ओरडून सांगत होतो, "उभं राहता येऊन नाही राह्यलं मले!" त्यावर ते अजूनच हसले. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. तो गुडघा पुढे भरतीच्या कामाचा राहिला नाही, पण त्याचं दुःख मी कधीच गिळलं. हे हसणं मात्र घशाखाली उतरलेलं नाही.

शेवटी दोस्त आला. माझा हात स्वतःच्या गळ्यात घेऊन त्याने मला उभं केलं.

"काऊन केलं बे असं?" मी विचारलं.

"जिंकलो ना? मंग?"

तेवढ्यात तो कॅप्टन समोर आला. बूट हातात, अंगावर धूळ. भांडायला आला असता तर मला बरं वाटलं असतं. दोस्ताकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "भाई, सच्ची बता. लगी थी क्या तुझे?"

मी तोंड उघडायच्या आत दोस्त हसत बोलला, "लागलं-बिगलं काही नाही भाऊ. पक्का नाटक्या हाय आमचा हा."

कॅप्टन मान हलवून निघून गेला. माझा डावा पाय जमिनीला टेकतही नव्हता, आणि माझं सगळं वजन दोस्ताच्याच खांद्यावर होतं.