गॅरेजमधला हिवाळा

पद्माकर पहिल्यांदा भेटला तेव्हा मी जवळजवळ मारला गेलो. ऑस्ट्रेलियातल्या पॉइंट कुकमधल्या त्याच्या घरी बार्बेक्यू होता. बिअर घ्यायला मी गॅरेजमधला फ्रिज उघडला, तोच हा धिप्पाड माणूस जिवाच्या आकांताने ओरडत माझ्यावर झेपावला. गल्लीतली झाडून सगळी कुत्री भुंकू लागली आणि मला न केलेलं मृत्युपत्र आठवलं.

"सफरचंद! हातातलं सफरचंद आधी बाहेर टाक!"

फ्रिजमध्ये बिअर नव्हतीच. छोट्या कुंड्या होत्या. सफरचंदाच्या वायूने म्हणे त्यांतल्या कंदांची कळी आतल्या आत मरते. कंद होते कायोनोडॉक्साचे. तुर्कस्तानच्या डोंगरांवर बर्फ वितळलं की उमलणारं हे बोटभर उंचीचं निळं फूल. पॉइंट कुकला बर्फ फक्त सरबतात दिसतं, म्हणून या गृहस्थाने फ्रिजमध्ये हिवाळा भरवला होता.

एरवी पद्माकर पगाराच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो आणि कुणाचंही घर बदलायचं असलं की कपाटं उचलायला हजर असतो. हौस एकच: गणपतीला स्वतः वाढवलेलं फूल वाहायचं. इथे गणपती येतात वसंताच्या तोंडावर, जास्वंद तेव्हा गारठून बसलेली असते. मागची काही वर्षं कंद कधी कुजले, कधी रुसले. २०२३ साली मात्र त्याने एक्सेल उघडलं. चतुर्थी दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येते, हे सूत्र मांडलं आणि त्या बेताने कुंड्या बाहेर काढल्या. ऑगस्टमधल्या एका शनिवारी सगळी फुलं एकदम उमलली. त्याने मला फोन करून बोलावून घेतलं.

"नीरजा, मखर काढ! उद्या चतुर्थी!"

त्याची बायको चहा गाळत होती. "उद्या? अरे, यंदा अधिक श्रावण होता. गणपती पुढच्या महिन्यात."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"आईने अनारसे पाठवले ना? ते अधिक महिन्याचं जावयाचं वाण होतं. डबाभर एकट्याने खाल्लेस."

"मला वाटलं, त्यांना मी आवडतो."

त्यांची मुलगी ओवी म्हणाली, "बाबा, जस्ट पुट देम बॅक इन द फ्रिज!"

"नको गं. आलीत बिचारी, राहू दे उन्हात."

मग दुपारभर त्याने अख्ख्या गल्लीला गुडघे टेकून फुलं बघायला लावली. तारीख चुकली होती, हिवाळा अचूक जमला होता; स्वारी खूश.

चतुर्थीला कुंड्यांत नुसती पानं होती. तीही पिवळी.