जावेचं बीजगणित

माझ्या धाकट्या जावेला बीजगणित येतं, हे लग्न ठरवताना मला कोणी सांगितलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरीवलीला आम्ही दुसऱ्या मजल्यावर, दीर आणि नंदा तिसऱ्यावर. नंदा बी.एस्सी. झालेली, गोरी, तिच्या पुरणपोळ्याही फुटत नसत. (इतकं सगळं एकाच बाईला कशाला द्यायचं?) तरी मी सांभाळून घेतलं होतं. पण माझी मंजू नववीत गेली आणि दप्तर घेऊन रोज वर जायला लागली.

"अगं, मला विचार ना. मलाही गणितात चांगले मार्क पडायचे," मी एकदा म्हटलं.

"तुझी रीत लांबलचक असते गं. काकू दोन ओळींत सोडवते."

दोन ओळींत! त्या दिवशी आमटीत मी दोनदा मीठ घातलं.

रविवारी सकाळी मंजू अंघोळीला गेल्याचं पाहून मी तिची वही उघडली. सत्तेचाळीस क्ष अधिक त्रेपन्न य बरोबर दोनशे चौऱ्याण्णव. त्याखाली त्रेपन्न क्ष अधिक सत्तेचाळीस य बरोबर तीनशे सहा. क्ष आणि य काढा. ठरवलं, ती बाहेर यायच्या आत उत्तर तयार ठेवायचं.

आमच्याकडे पाणी सकाळी तासभरच यायचं. ओट्याच्या नळाला रबरी पाइप लावून मी स्वयंपाकघरातलं पिंप भरायला लावलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आमच्या शाळेतली रीत मला पाठ होती. पहिल्या समीकरणाला त्रेपन्नने गुणलं, दुसऱ्याला सत्तेचाळीसने. आकडे पंधरा हजारांच्या घरात गेले. वजाबाकी केली. य उणे साडेतीन आला. खोडलं. पुन्हा गुणलं. आता य अपूर्णांकात आला आणि खाली सतरा. इतक्यात पायाला गार लागलं. खिडकीतून वारा येत असेल म्हणून मी पाय वर घेतले.

"गो सुलभा," आतून सासूबाईंचा आवाज आला, "घरात व्हाळ इलो काय?"

पिंप कधीच भरलं होतं. पाणी ओढ्यासारखं स्वयंपाकघरातून सासूबाईंच्या खाटेखाली, तिथून बाहेरच्या खोलीत आणि माझ्या खुर्चीखालून जिन्याकडे निघालं होतं. पायपुसणं पुढे आणि ह्यांची चप्पल त्याच्या मागे. तेवढ्यात खालचे मेहताभाई दारात आले. "भाभी, आमच्या गादीवर पाणी पडते."

ह्यांनी धावत जाऊन नळ बंद केला. "काय करत होतीस तू?"

"अभ्यास."

"कोणाचा?"

तोवर नंदा बादली आणि फडकी घेऊन खाली आलीच होती. (अशा वेळी तरी माणसाने घरी झोपून राहावं.) साडी खोचून तिने पाणी ओढलं, सासूबाईंना चहा दिला, मेहताभाईंची गादी गच्चीत टाकायला लावली. मग तिला टेबलावर माझी आकडेमोड दिसली.

"वहिनी, एवढं कशाला गुणलंत? आधी दोन्हींची बेरीज करा. शंभर क्ष अधिक शंभर य बरोबर सहाशे. शंभर सामाईक, तो बाहेर काढा. कंसात क्ष अधिक य उरतं, ते सहा. आता दुसऱ्यातून पहिलं वजा करा. सहा क्ष वजा सहा य बरोबर बारा. इथे सहा बाहेर काढा, क्ष वजा य दोन."

"म्हणजे क्ष चार आणि य दोन," मंजू ओल्या केसांनी मागे उभी होती. "बघ आई, सांगत होते ना?"

मला रडू येत होतं. पण खरं सांगते, शंभर कंसाबाहेर निघाला तेव्हा मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मीच वर जाऊ लागले. मंजूला कळू दिलं नाही. नंदाने न हसता शिकवलं, मधूनमधून "छान, वहिनी" म्हणायची. मी त्या शब्दासाठी भांडी तशीच पडू देऊन गणितं सोडवायचे.

महिन्याभराने मंजूला कळलंच, तेव्हा नंदाने आम्हा दोघींना शेजारी बसवून एकच गणित घातलं. दोघींनी एकदमच पेन्सिल खाली ठेवली, दोघींचंही बरोबर आलं. नंदाने मंजूच्या पाठीवर थाप मारली. "शाबास, माझी हुशार मुलगी."

मला काहीच म्हणाली नाही. मी दोन दिवस मंजूशी बोलले नाही.