चौदा खून आणि एक वाक्य

उभ्या सुरतेत आमच्या मास्तरांइतका सज्जन गुंड आजवर झाला नाही आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कापडाच्या कारखान्यात बिघडलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणाऱ्यालाही मास्तरच म्हणतात. धुळ्याकडून विशीत आलेले हे गृहस्थ डिंडोलीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. मी बँकेत कारकून, म्हणून त्यांच्या लेखी साहेब. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. घरात झुरळ निघालं तर बायकोला हाक मारणारे मास्तर भाजी घ्यायला गेले की भिंतीला पाठ लावून उभे राहत. "मागून कोण येईल, सांगता येत नाही, साहेब." नळावरच्या भांडणात मध्यस्थीला बोलावलं, तर डोळे बारीक करून खालच्या आवाजात नुसतं "बोला" म्हणत, आणि बायका भांडण विसरून हसायला लागत. या सगळ्याचं मूळ उधन्याच्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये होतं. तिथे त्यांनी साडेतीन तासांचा एक विदेशी सिनेमा पाच वेळा पाहिला होता. भाषा एका अक्षरानं कळली नव्हती. दोन जिवलग मित्र, काळे धंदे, दगा आणि शेवटी पस्तावा, एवढं मात्र नेमकं कळलं होतं.

एका रविवारी ते जाडजूड वही घेऊन माझ्याकडे आले. "साहेब, पिक्चर काढतोय. तुम्ही पोलीस कमिशनर."

"मीच का?"

"गल्लीत पॉलिशचे बूट तुमच्याकडेच आहेत."

वहीत चौदा खून होते. मुख्य गुंड अर्थात मास्तर स्वतः. त्याच्या जिवलग मित्राचं काम गल्लीतल्या न्हाव्याकडे आणि कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका फोटोवाल्याकडे. टोळीचे कोट बँडवाल्यांकडून आणले. सोनेरी झालरी उसवल्या, तरी एका खुन्याच्या खांद्यावर गोंडा शेवटपर्यंत लोंबत राहिला. रक्तासाठी डाइंग मिलमधला लाल रंग आणला. तो इतका अस्सल निघाला की महिनाभर धुतला जाईना. मेलेली माणसं लाल गळ्यानं कामावर जाऊ लागली. त्यातल्या एकाचं लग्न जमत होतं. मुलीच्या बापानं विचारलं, "हे काय?" त्यानं सरळ सांगितलं, "खून झाला माझा मागच्या रविवारी." तरीही लग्न जमलं. फोटोवाल्याची सवय मात्र जाता जाईना. त्यानं तिसऱ्या प्रेताभोवती गुलाबांची चौकट घातली आणि प्रेतावर बदामाच्या आकारात त्या मेलेल्याच्याच बायकोचा फोटो उमटवला. मास्तरांनी तो तुकडा कापू दिला नाही. म्हणाले, "बायकोला आठवण येणारच ना!"

तेरा खून असे धडाक्यात पार पडले आणि शेवटच्या प्रसंगाशी गाडी अडली. त्यात गुंड दगा दिलेल्या मित्रापुढे उभा राहतो, 'मित्रा, माझं चुकलं' म्हणतो आणि मित्र त्याला गोळी घालतो. अख्खी वही पाठ असलेल्या मास्तरांना हे एवढं वाक्य म्हणता येईना. तोंड उघडत, न्हाव्याकडे बघत आणि मिटून घेत. सलग चार रविवार हेच झालं. शेवटी न्हावी चिडला आणि निघून गेला.

त्या दिवशी मास्तर माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "साहेब, नथू नावाचा दोस्त होता माझा. एकाच गावचे आम्ही, एकाच गाडीनं सुरतेला उतरलो. सहा वर्षांपूर्वी माझ्या हातून लूमची जोडणी चुकली आणि कापडाचे तागेच्या तागे खराब निघाले. शेठनं नथूला धरलं, कारण लूमवर तो होता. मी बाजूलाच उभा होतो. बोललो नाही. त्याला काढलं. तोही बोलला नाही. जाताना नुसतं माझ्याकडे बघितलं." एवढं बोलून त्यांनी वही उघडली आणि ते उगाच पानं चाळू लागले. मला हसू येईना, रडूही येईना. एक वाक्य बोलायचं धाडस व्हावं म्हणून या माणसानं आधी चौदा खून लिहिले होते!

"आता कुठे असतो तो?"

"कडोदऱ्याला. तिथल्या कारखान्यात."

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांना जवळजवळ ओढतच बसमध्ये बसवलं. नथू दारातच बाज विणत बसला होता. त्यानं मान वर केली, पण हातातली दोरी सोडली नाही. सहा वर्षांनी समोर आलेल्या मित्राला ते म्हणाले काय, तर, "पिक्चर काढी ऱ्हायनू. काम करशी का?"

नथूनं दोरीची गाठ मारली. "काय करनं पडी?"

"शेवटी एकाले गोळी मारनी शे."

"कोनले?"

"माले."

"मंग येस," नथू म्हणाला आणि त्यानं लगेच उठून सदरा घातला.

दुपारी कालव्याच्या काठावर शूटिंग लागलं. बघायला अर्धी डिंडोली जमली होती. नथूच्या हातात टिकल्यांचं पिस्तूल दिलं. मास्तर समोर उभे राहिले. वहीतलं वाक्य प्रमाण मराठीत होतं; ते आलंच नाही. आलं ते घरच्या अहिराणीत. "नथू, चूक मन्ही व्हती रे. मी बोलनू नही." आणि तो दांडगा गुंड बँडवाल्याच्या कोटाची बाही डोळ्यांना लावून लहान मुलासारखा रडू लागला.

नथूनं पिस्तूल रोखलं होतं. ते त्यानं सावकाश खाली घेतलं. "माले माहीत व्हतं ते," तो म्हणाला. "तू बोलशी, म्हनीसन वाट देखत व्हतू." मग पिस्तूल खिशात टाकून म्हणाला, "चाल, च्या पिऊत."

मास्तरांमधला दिग्दर्शक खडबडून जागा झाला. "कट! अरे, इथं मी मरतो! मार गोळी!"

"नही मारस."

"वहीत लिहिलंय!"

"तुन्ही वही तुन्हापान ठेव."

पाच वेळा प्रसंग लावला. पाचही वेळा नथूनं गोळी झाडायला नकार दिला. चौदावा खून राहिला तो राहिलाच. शेवटी दोघे चहाला निघाले, तेवढं फोटोवाल्यानं टिपून घेतलं.

गणपतीत एका दुपारी मंडपात टीव्ही लावून सिनेमा दाखवला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या कोसाडहूनसुद्धा माणसं आली. प्रत्येक मृताला शिट्ट्या पडल्या. शेवटच्या प्रसंगात न्हाव्याच्या जागी एकदम नथू आला, तेही कुणाला खटकलं नाही. शेवटी दोन गुंड चहाच्या हातगाडीकडे चालत गेले तेव्हा मंडप असा काही उठला की आरतीसाठी ठेवलेले ढोल-ताशे लोकांनी तिथेच वाजवायला घेतले आणि दोघांना खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवलं. पुढे नथू डिंडोलीतच राहायला आला. लूम दुरुस्तीची एक छोटी टपरी दोघांनी भागीदारीत काढली.

दोन वर्षांनी माझी जळगावला बदली झाली. दोघे मला स्टेशनवर पोचवायला आले. माझा डबा पुढे येणार की मागे, यावरून त्यांची जुंपली. डबा आला, मी चढलो, खिडकीशी बसलो, तरी वाद चालूच. गाडी हलली. मी हात बाहेर काढून हलवत राहिलो. फलाटावर ते दोघे एकमेकांकडे तोंड करून, हातवारे करत, सहा वर्षांचं राहिलेलं सगळं बोलून घेत असावेत तसे भांडत होते. माझ्याकडे बघायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. ते दिसेनासे होईपर्यंत मी बघत होतो.