सत्त्वाचं पाणी

ताईचे सासरे नरखेडकडचे संत्र्याचे बागाईतदार. माणूस वाईट नव्हता, पण विहिरीपुढे त्यांना देवही दिसत नसे. पाहुणा टेकला की तांब्या पुढे. "घ्या, अशा पाण्याले नागपुरात तरसान!" विहीर बगिच्याच्या मधोमध, काठालाच गुरांचा गोठा, आणि झाडांच्या आळ्यांत पोत्यांनी युरिया. ते सगळं झिरपून जाणार कुठे? पण विचारणार कोण? विहिरीचा अपमान झाला असता ना!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाळंतपण उरकून ताई सासरी गेली आणि टायफॉइडनं तिचं दूध आटलं. पोराला डब्याची पावडर सुरू झाली. त्या घरात औषध म्हणजे काढा, आणि काढा म्हणजे निम्म्यावर आटवलेला. मग बाळाचं पाणी तरी का सुटावं? भरलं पातेलं चुलीवर चढायचं, अर्धं उतरायचं. "सत्त्व उतरते त्यात," सासरे म्हणत. सत्त्वच ते! शहाण्यांचं घर, दुसरं काय.

पोराचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसू लागले, मग नखं. बायकांनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. सासऱ्यांनी त्यांच्यापरीनं उपाय केला: पाणी पावपट होईतो आटवा. पोर आणखी निळं पडलं, धापा टाकू लागलं. ताईनं कोणाला न विचारता त्याला पदरात गुंडाळलं आणि माहेरी, आमच्याकडे नागपूरला येणारी एस.टी. पकडली.

डॉक्टरांनी रक्त काढलं, तर ते तपकिरी. त्यांनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. मग म्हणाले, "उकळल्यानं जंतू मरतात बाई, खत मरत नाही. पाणी उडून जातं, खत तेवढंच राहतं. मोठ्यांना ते सोसतं, तान्ह्याच्या रक्ताला नाही." त्यांनी शिरेत औषध टोचलं आणि आमच्या डोळ्यांदेखत पोराचे ओठ गुलाबी झाले. आई तिथेच रडायला लागली. मला मात्र भयंकर राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

थोड्या दिवसांनी सासरे न्यायला आले. डॉक्टरांचं बोलणं बाबांनी त्यांना सांगितलं. ते हसले. "शंभर वर्सं आमी तेच पानी पिऊन राहिलो, आमी काहून नाई मेलो?" आणि हातातली ॲल्युमिनियमची कॅन खाली ठेवत म्हणाले, "पोराच्या वाटेसाठी आनलं, घट्ट आटवून. नळाच्या पान्यात काय दम हाय, सूनबाई?"

सासऱ्यांपुढे ताई कधी मान वर करत नसे. त्या दिवशी तिनं कॅन उचलली, अंगणात गेली आणि सगळं पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं.

"मामाजी, खत हाय हे," ती म्हणाली. "झाडालेच द्या. माह्या लेकराले नाई."

सासरे रिकामी कॅन घेऊन एकटेच परतले. पोर सहा महिन्यांचं होऊन वरणभात खाऊ लागेपर्यंत ताई माहेरीच राहिली. आणि कढीपत्ता त्या वर्षी असा फोफावला, की आईनं गल्लीभर वाटला.